कोयता निघायच्या आधी

पोर शाळेत का येत नाही, हे नोव्हेंबरात विचारून उपयोग नसतो. तोवर ते कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या, नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या उसाच्या फडात पोचलेलं असतं. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, पाथर्डी या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांना हे नवं नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि निम्मी बसकरपट्टी मोकळी दिसते. मग वरून कागद येतो, शाळेकडून उलट कागद जातो, आणि पोर पाडव्याला परत येतं. मधले पाच महिने कोणाच्याच हातात नसतात. म्हणून खाली दिलेली कृती जुलैपासून सुरू होते. सामान फार लागत नाही: शंभर पानी वही, हजेरीपट, शिक्षण हमी कार्डं आणि संध्याकाळचा वेळ.

एक खुलासा आधीच करतो. ताप, लग्न, बाजार, पावसाने ओढा भरणं, या कारणांची एक-दोन दिवसांची गैरहजेरी ही वेगळी गोष्ट. तिला साधा नियम पुरतो. तिसऱ्या दिवशी वर्गातलं शेजारचं पोर निरोप घेऊन जातं, चौथ्या दिवशी गुरुजी किंवा मॅडम स्वतः फोन करतात. एवढं केलं तरी बरीच मुलं परत येतात. इथला विषय हंगामी गैरहजेरीचा आहे.

पहिलं काम: हजेरी खरी भरा

हे सांगावं लागतं, कारण न भरण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकाचं पद. पट घसरला की दोन शिक्षकी शाळेतला एक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे फडात गेलेलं पोरही हजेरीपटावर हजर दिसत राहण्याचा मोह होतो. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची किती पोरं प्रत्यक्षात नाहीत ते उघडं पडलं. बोभाटा झाला तो अनुदान लाटणाऱ्या संस्थांचा. पण छोट्या गावातल्या खोट्या हजेरीचं नुकसान वेगळं असतं. कागदावर जे पोर हजर आहे त्याला शोधायला कोणी जात नाही. त्याच्यासाठी वसतिगृह मागता येत नाही, विशेष प्रशिक्षण मागता येत नाही.

पडताळा घरातच आहे. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ शिजतो. महिन्याच्या शेवटी पोषण आहाराची नोंदवही आणि हजेरीपट शेजारी ठेवा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारा, रोज किती ताटं लागतात. त्यांचा आकडा सहसा चुकत नाही.

जुलै-ऑगस्ट: यादी

टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटायला लागला की यादी करायची वेळ झाली. उचल घेतलेली जोडी हंगामाला जाणार, हे जवळपास नक्की असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. उचल किती कोयत्यांची घेतली यावरून घरातलं कोण कोण जाणार ते कळतं. दोन कोयत्यांची उचल असेल आणि घरात मोठी माणसं तीनच असतील, तर चौथं माणूस म्हणजे तुमच्या सातवी-आठवीतलं पोर आहे, हे समजून घ्या.

वहीत प्रत्येक पोराला एक पान द्या. नाव, आई-वडिलांचे दोन्ही फोन, मुकादमाचं नाव आणि नंबर, कारखाना, गाडी सेंटर की टायर सेंटर की डोकी सेंटर (ऊस वाहण्याच्या पद्धतीवरून पडलेले टोळीचे प्रकार), मागे घरी राहणारं माणूस कोण, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शाळेत न जाणारं धाकटं भावंड आहे का. माहिती अंगणवाडी ताईंकडे असते, किराणा दुकानात असते, ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांमुळे ग्रामसेवकाकडेही असते. मुकादमाशी भांडू नका. त्याच्याच फोनवर तुम्हाला जानेवारीत पोराची खबर मिळणार आहे.

पोळ्यानंतर: घरी जाणं

दिवेलागणीला जा, जेवणाच्या आधी. सोबत शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी बाई असावी, शक्यतो जिने स्वतः कोयता धरला आहे. भाषण देऊ नका. शिक्षणाचं महत्त्व त्या आईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, तिच्या हाताला घट्टे पडलेले असतात.

मी उमेदीच्या वर्षांत कायदा सांगायचो. एकदा एका आईने शांतपणे विचारलं, “गुरजी, पोरीला हितं ठिवलं तर फडात लहानग्याला कोण बघील?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरीतली मुलगी सहा महिन्यांसाठी दाई म्हणून चालली होती. पहाटे चारला आई-बाप फडात उतरले की कोपीतलं सगळं तिच्या अंगावर. तेव्हापासून मी पहिला प्रश्न धाकट्या भावंडाचा विचारतो. ते आजीजवळ राहू शकलं तर थोरली आपोआप राहते. दोघं राहिली तर आजीला पाणी, सरपण, दवाखाना यांत कोण हातभार लावेल, हे त्याच ओट्यावर ठरवून उठा.

धाक दाखवायचा नाही, याचं आणखी एक कारण आहे. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम 10 पालकाचं कर्तव्य सांगतं, पण दंड सांगत नाही. कलम 9 मात्र स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, महापालिका यांच्यावर, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरं होणं पाहण्याची जबाबदारी टाकतं. स्थलांतरित कुटुंबांची मुलंही त्यात नावानिशी आली. माझ्या मते हे योग्यच झालं. उचल घेऊन बसलेल्या माणसाला दंड लावला, तर तो पुढच्या उचलीतूनच भरणार. सरकार उलट्या बाजूनेही प्रयत्न करून पाहतं. ठरावीक गटांतल्या गरीब मुलींसाठी 1992 साली हजेरीच्या दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. दंडही रुपया, भत्ताही रुपया. मधल्या पाऊणशे वर्षांत रुपयाचं काय झालं ते सांगायला नको.

सप्टेंबर: समितीची बैठक आणि हंगामी वसतिगृह

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. जे पालक जाणार आहेत ते दसऱ्यानंतर बैठकीला नसतील, म्हणून ठराव सप्टेंबरातच घ्या. ठरावात मुलांची नावं, इयत्ता आणि प्रत्येकाचं मागे राहणारं माणूस लिहा. केंद्रप्रमुखांमार्फत तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला प्रस्ताव डिसेंबरात सापडत नाही.

हंगामी वसतिगृह म्हटलं की नवख्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे इमारत येते. बहुतेक गावांत मुलं रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत होतं. ही योजना प्रामुख्याने जेवणाची आहे, आणि ती जेवणावरच फसते. मंजुरी उशिरा येते, पैसे त्याहून उशिरा. पोरं मात्र पहिल्या दिवसापासून भुकेली असतात. त्यामुळे पहिल्या महिन्याचं धान्य कुठून येईल हे ठरावाच्या दिवशीच ठरवा: ग्रामपंचायत, सुगीत धान्य देणारे शेतकरी, गावातून नोकरीला गेलेली पोरं. शिक्षकाने स्वतःच्या नावावर उधारी करू नये. मी केली आहे, म्हणून सांगतो.

मुलींच्या झोपण्याच्या जागेची चौकशी दर आठवड्याला मॅडमनी किंवा अंगणवाडी ताईंनी करावी, आणि ती मुलीशी एकटीशी बोलून करावी. आई धास्तावते ती इथेच. तिचं समाधान झालं नाही तर ती मुलीला घेऊन जाणार, आणि तिला दोष देता येणार नाही.

दसरा ते दिवाळी: जे जाणारच, त्यांच्यासाठी

काही पोरं जातातच. त्यांचं नाव पटावरून खारीज करू नका आणि घाईने दाखला देऊन मोकळे होऊ नका. शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात द्या, बापाच्या खिशात नको. फडात सदरा आधी फाटतो. कार्डावर इयत्ता, वाचन-गणिताची पातळी आणि तुमचा फोन असावा. पुस्तकं सोबत जाऊ द्या, हरवली तर हरवली.

आईला एवढंच पाठ करून द्या: “कारखान्याजवळच्या शाळेत कार्ड दाखवायचं. दाखला नाही, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो.” तरीही ती एकटी शाळेच्या पायरीपर्यंत जाईल हा भरवसा धरू नका. कारखाना ठाऊक आहे, तर तिथल्या मुख्याध्यापकांना तुम्हीच फोन लावा. टोळी हंगामात दोन-तीनदा जागा बदलते. फड बदलला की मुकादमाला विचारून वहीत नवी जागा लिहा.

हंगामात: तीस दिवसांचं गणित

पोर कुठल्याच शाळेत नाही असं कळलं की कॅलेंडरवर खूण करा. पटावर नाव असूनही सलग महिनाभर गैरहजर असलेलं बालक आपल्याकडे शाळाबाह्य धरलं जातं. तीस दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका. पंधराव्या दिवशी केंद्रप्रमुखांना लेखी कळवा: नाव, कारखाना, मुकादमाचा नंबर, जावक क्रमांक. पत्रात “सदर विद्यार्थी स्थलांतरित आहे” एवढंच लिहिलं तर ते फाइलला लागतं. “अमुक कारखान्याच्या अमुक गावातल्या तळावर आहे, तिथल्या शाळेत दाखल करावं” असं लिहिलं तर समोरच्या तालुक्यातल्या बालरक्षकाला, म्हणजे शाळाबाह्य मुलं शोधणाऱ्या शिक्षकाला, जायला पत्ता मिळतो.

रोजची हजेरी घेताना गेलेल्यांची नावंही मोठ्याने वाचा. वर्गातून उत्तर येतं, “तो करमाळ्याला हाय, सर,” “तिला ताप आलाय म्हणं.” शाळेच्या फोनपेक्षा ही खबर ताजी असते.

पाडव्याच्या सुमारास: परत आल्यावर

पहिल्या दिवशी वर्गासमोर “कुठं होतास इतके दिवस?” विचारू नका. त्याला ठाऊक आहे, तुम्हालाही. तोंडी वाचून घ्या, दोन वजाबाक्या घाला, पातळी पाना‍वर लिहा. प्राथमिकला वर्षाचे 200 दिवस कामाचे. त्यातले निम्म्याच्या आसपास गेलेले असतात. ती भर सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांत पडणार नाही, म्हणून विशेष प्रशिक्षणाची मागणी लगेच करा. त्याचा किमान काळच तीन महिन्यांचा आहे.

पोराला सोडायला आई आलेली असेल तर तिला बसवा, पाणी द्या. आजीची तब्येत कशी आहे, धाकटं औंदा अंगणवाडीत जाईल का, आणि मुकादमाचं मागचं किती फिटलं, हे विचारा. उत्तरं त्याच पानामागे लिहून ठेवा. जुलैची यादी तिथून सुरू होते.