जुन्या स्पोर्ट्स कारचा मीटर बदलताना

जुन्या इंग्रजी गाड्यांचे मीटर मिळवून देणे आणि दुरुस्त करणे, हे चांगले दाम देणारे कसब आहे. मात्र डायलचा चेहरा जुळला म्हणजे मीटर जुळला, असे नव्हे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी गाडीचे उदाहरण घेऊ. तिला स्मिथ्स कंपनीचे मीटर असत.

स्पीडोमीटर : डायलवर बारीक अक्षरांत १०००, १२८० असा आकडा असतो. एका मैलात केबलचे किती फेरे व्हावेत, ते तो सांगतो. हजार फेऱ्यांच्या गाडीला १२८० चा मीटर बसवला, तर ताशी ६० मैल वेगाला काटा ४७ च दाखवील. गिअरबॉक्स किंवा मागचा एक्सल बदललेला असेल, तर फेरे स्वतः मोजावेत. केबल मीटरकडून सोडवून आतल्या तारेला कागदाची खूण लावावी आणि गाडी ५२ फूट साडेनऊ इंच सरळ ढकलावी. हा मैलाचा शंभरावा भाग होय. आलेल्या फेऱ्यांना १०० ने गुणावे.

आर.पी.एम. मीटर : १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे, नंतर निगेटिव्ह. अनेक मालकांनी मागाहून जोडणी उलटी केलेली असते. म्हणून सालावर न जाता बॅटरी पाहावी व तसाच मीटर घ्यावा.

पेट्रोलचा काटा : सावकाश चढणाऱ्या काट्याला स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्ट मिळतात. काटा चुकला तर आधी स्टॅबिलायझर आणि टाकीतला फ्लोट तपासावा. पुष्कळदा मीटर निर्दोष निघतो.

पाण्याच्या उष्णतेचा काटा : त्याच्या बारीक नळीत ईथर भरलेले असते. नळी कापलेला किंवा मुडपलेला माल घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसरा मीटर बसला की धावलेल्या मैलांचा आकडा बदलतो. जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख बिलावर लिहून द्यावी. कोणी आकडा मागे फिरवून मागितला, तर साफ नकार द्यावा. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनातील सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. मैलांचा आकडा हेही मापच आहे. त्यावर भरवसा ठेवून उद्या कोणीतरी ती गाडी विकत घेणार आहे. एका गिऱ्हाइकाचे पैसे गेले तरी चालतील, बरकत जाऊ नये.