उपकेंद्रातली खडी आणि बीएस्सीची पुस्तकं

मी तलासरी तालुक्यातल्या एका ३३/११ केव्ही वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. बारावी सायन्स झाल्यावर आयटीआय केलं, नोकरी लागली आणि भौतिकशास्त्र मागे पडलं. चाळिशीला टेकल्यावर इग्नूच्या बीएस्सीला नाव घातलं. आता इकडची नोकरीवाली मुलं विचारतात, ‘दादा, जमतं का हे?’ त्यांना वेळोवेळी जे सांगत आलो ते इथे लिहितो. नंबर घातलेत ते फक्त सोयीसाठी.

१. आधी तासांचा हिशेब मांडा.

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. रोज एक तास काढलात तर एका पेपरला चार महिने गेले. माझ्या अभ्यासक्रमात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करायची मुभा होती, आणि ती घ्यायची हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. पाळीची नोकरी असेल तर भिंतीवर वेळापत्रक लावायच्या भानगडीत पडू नका, आठवडा बदलला की ते खोटं पडतं. रात्रपाळी उतरल्यावर डोकं सोडवलेली गणितं पुन्हा सोडवण्यापुरतंच चालतं. नवं काही शिकायचं तर ते दुसऱ्या पाळीच्या दिवशी, सकाळी. आणि ड्यूटीवर पुस्तक उघडायचं नाही. दर तासाला रीडिंग लिहायचं असतं, आणि तुमचं प्रकरण संपेपर्यंत फीडर काही ट्रिप व्हायचा थांबत नाही.

२. गाडी अडते ती गणितात.

मेकॅनिक्सच्या पुस्तकात थोडं पुढे गेलं की डिफरन्शियल इक्वेशन समोर उभी राहते. न्यूटनचे नियम तोंडपाठ असून तिथे काही उपयोग होत नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं काढा आणि एक अख्खा पावसाळा त्यांनाच द्या. वाचून नव्हे, वही-पेन्सिल घेऊन. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट मिळतात, पण आमच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही. रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवावीत.

३. हात बसला म्हणजे विषय समजला असं नाही.

उपकेंद्राच्या यार्डात खडी पसरलेली असते. मी वर्षानुवर्षं तिच्यातलं गवत उपटून घेत आलो, पावसाळ्याआधी नवी खडी टाकून घेत आलो. का, असं कुणी विचारलं असतं तर ‘चिखल होऊ नये म्हणून’ असं बेधडक सांगितलं असतं. इलेक्ट्रिसिटीचा पेपर घेतला आणि एका रात्री विभवाचं प्रकरण वाचताना खडी आठवली.

फॉल्ट झाला की प्रवाह जमिनीत शिरतो आणि सगळीकडे पसरतो. जिथे शिरला तिथे विभव सर्वांत जास्त, लांब जावं तसं कमी. अंतर दुप्पट झालं की विभव साधारण निम्मं, म्हणजे बिंदुभाराच्या सूत्रासारखंच. आता तिथे माणूस एक पाय पुढे टाकून उभा असेल, तर दोन पायांखालचं विभव वेगवेगळं आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरणार. कोरडी-ओली कशीही असो, खडीचा रोध मातीच्या कितीतरी पट असतो. ती बुटाखाली असली की प्रवाहाची वाट अडते. गवत आणि गाळ तिच्यात भरला की हा रोध घटतो. तार तुटून पडली की पाय जुळवून बारीक पावलांनी लांब व्हा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं, त्याचंही कारण हेच. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तशाच जागी माणूस वाचतो आणि बैल जातो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही पाणी सोडतो, तिथे मात्र रोध कमी हवा असतो. एकाच यार्डात दोन उलट गोष्टी आम्ही रोज करत होतो आणि दोन्हींचं कारण एकाच प्रकरणात होतं.

४. आपल्या भागातलं उदाहरण घ्या, पुस्तकातलं नंतर.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर लोक घर असून थंडीत बाहेर झोपले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे यंत्रं बसवली. एक मोठा धक्का आणि मग लहान, असा हा प्रकार नव्हता. लहान-मध्यम धक्क्यांची रांगच लागली होती. लहरींचा पेपर मी या धक्क्यांवर शिकलो. पहिली लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी सुमारे साडेतीन. दोन्हींत एक सेकंदाचा फरक पडला तर केंद्र साधारण आठ किलोमीटरवर. वहीत स्वतः मांडून बघा, पाच ओळींचं गणित आहे. जिथे गडगडाट आणि हादरा एकदमच येतो तिथे केंद्र जवळजवळ पायाखाली. ३ आणि ४ रिश्टरमधला फरक ‘एकाचा’ नसून ऊर्जेत सुमारे ३२ पटींचा, हे शेजाऱ्यांना समजावताना मला लॉगरिदम पक्कं झालं.

५. प्रात्यक्षिकाला दांडी नाही.

हजेरी सक्तीची, दिवस सलग, त्यामुळे रजा आधीपासून साठवायची. केंद्र मुंबईकडे. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली म्हणून निदान पहाटे निघता तरी येतं. माझ्या टेबलावर विशीतला एक मुलगा होता. मी मीटर बघून ‘दोन पॉइंट चार’ म्हणालो.
‘काका, अधिक-उणे किती?’
लॉगशीटवर काटा दोन रेघांच्या मध्ये असला तर जवळची रेघ लिहायची, हीच आमची पद्धत. अधिक-उणे कुणी विचारलंच नव्हतं. त्या मुलाकडून मी त्रुटींचं गणित शिकलो आणि त्याला सोल्डरिंग शिकवलं.

६. असाइनमेंट हाताने, स्वतः लिहा. ३० टक्के गुण आहेत. बाजारातली तयार उत्तरं घेऊ नका, एवढंच.

७. ‘आता या वयात कशाला?’

हे सगळेच विचारतात. आमच्या शेजारच्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ राहून गेल्या. बालपणीच वैधव्य आलं, मॅट्रिक नोकरी करताना रात्रशाळेतून, आणि बीए १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर. ताराबाई मोडकांबरोबर आदिवासी मुलांच्या बालवाड्यांचं काम चालू असताना. इकडच्या समारंभांत त्यांचं नाव भक्तिभावाने घेतात आणि मला विचारतात प्रमोशन मिळणार का. नाही मिळणार. बायकोला हे मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘मग फी तुझ्या ओव्हरटाइममधून.’ सौदा मला मान्य होता.

८. पेपर कधी द्यायचे ते नोकरी बघून ठरवा.

सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असते. जूनमध्ये आमच्याकडे पहिला वारा-पाऊस, फांद्या तारांवर, इन्सुलेटर फुटलेले, रजा बंद. म्हणून वीजवाल्यांनी अवघड पेपर डिसेंबरला ठेवावेत आणि जूनला एखादाच भरावा. आश्रमशाळेत शिक्षक असाल तर उलट, तुम्हाला जूनच बरा. मे महिना अख्खा हातात मिळतो.