कांदा लाल होईपर्यंत



चैत्र लागला की आपल्या आष्ट्यात कांडप गिरणीजवळून जाताना सायकलवरचा माणूसही एकदा तरी शिंकतोच. घरोघरी गच्चीवर मिरच्या वाळत असतात आणि वर्षाच्या चटणीची तयारी सुरू असते. (पुण्या-मुंबईचे पाहुणे चटणी म्हटले की ओल्या खोबऱ्याची समजतात. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे त्यांना पहिल्या घासालाच कळते.) रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, शिवाय धने, तीळ, सुके खोबरे, खडा मसाला, कांदा, लसूण, मीठ. साहित्य सगळ्यांचे जवळजवळ एकच, पण चव मात्र प्रत्येक घराची वेगळी. म्हणूनच या दिवसांत ओट्यावर, नळावर आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवरही एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "तुमचं प्रमाण काय?"

आजचा पाठ या प्रश्नावर आहे.

माझ्या आईच्या चटणीचे नाव आमच्या आळीत होते. तिने प्रमाण कधी कोणापासून लपवले नाही. एका जुन्या डायरीत स्वतःच्या हाताने सगळे लिहून ठेवले होते. ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या वहिनीने डायरी उघडून, एकेक ओळ वाचत, तंतोतंत तशीच चटणी केली. वास तोच, रंगही तोच. आषाढात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. दुसऱ्या वर्षीही तेच. मग घरात कुजबुज सुरू झाली, "सासूबाईंनी एखादी गोष्ट मुद्दाम गाळली असणार." माझ्या बहिणीला हे लागले. नणंद-भावजयीचे बोलणे काही महिने जेवढ्यास तेवढे राहिले. एका बरणीपायी घरात किती अंतर पडू शकते, ते मी जवळून पाहिले आहे आणि मृत माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हेही.

डायरीत लिहिले होते, "कांदा लाल होईपर्यंत तळून घेणे." ते बरोबरच होते. पण तळण्याआधी कांदा उभा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, हे लिहिलेले नव्हते. ओला कांदा वरून लाल दिसतो, आत पाणी तसेच राहते आणि पावसाळी हवेत त्या ओलाव्यावरच बुरशी धरते. आईने हे लपवले नव्हते. तिच्या दृष्टीने ते इतके उघड होते की लिहावे असे तिला वाटलेच नाही. भात करायला चूल पेटवावी लागते, हे कोण लिहून ठेवते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार परीक्षेपुरता पाठ केला होता. काही गोष्टी माणूस त्या करूनच शिकतो. घर बांधणारा घरे बांधतच गवंडी होतो. त्याचा खरा अर्थ मला त्या बरणीने शिकवला. पाककृती कागदावर अर्धीच उतरते. उरलेली अर्धी शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत, नाकात आणि बोटांत जाते.

तरीही कागदावरचा अर्धा भाग नीट उतरवणे हेही मोठे काम आहे. आपल्या जिल्ह्यातल्याच एका बाईंनी ते करून दाखवले. कृष्णेपलीकडचे कुंडल म्हटले की आपल्याला प्रतिसरकारचे दिवस आठवतात. त्याच कुंडलमध्ये 1913 साली कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाकातले बारकावे त्या सासरी, सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. 1970 साली, सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्यांना कौतुकाने 'एक लाख सुनांची सासू' म्हटले जाई. मराठीत पाककृतींची पुस्तके त्याआधीही होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 सालचे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' 1910 सालचे. पण कमलाबाईंनी माप धरले ते प्रत्येक घरात असलेल्या वाटी-चमच्याचे. नोकरीसाठी परगावी एकटी राहणारी मुलगी, जिच्याजवळ ना आई ना सासू, तिलाही ते पुस्तक समोर ठेवून आमटी जमली. 'अंदाजे' हा शब्द अनुभवी बाईला पुरतो, नवख्या मुलीला मात्र तो दारातच अडवतो. कमलाबाईंनी ते दार उघडले. 1999 साली त्या वारल्या, पण त्यांच्या पुस्तकावर हळदीचे डाग पडायचे थांबलेले नाहीत.

म्हणून हौसेने स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांना, पुरुषांनाही, माझी एक विनंती आहे. प्रमाण द्याल तेव्हा आपली वाटी कोणती तेही सांगा, कारण आमटीची वाटी आणि मापाची वाटी यांत बराच फरक पडतो. 'लाल' म्हणजे किती लाल ते सांगा. कांदा गार झाल्यावर बोटांनी चुरला की मोडला पाहिजे, असे लिहिले तर चूक व्हायला जागा कमी राहते. आणि तुमच्या हातून ते कधी कसे बिघडले, तेही लिहा. आपल्याला सगळ्यांत अवघड जाते ते हेच, पण शिकणाऱ्याला उपयोगही त्याचाच सर्वांत जास्त होतो. मग ज्याला दिले त्याला तुमच्यासमोर करू द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. गप्प बसणे जमले नाही तरी चालेल.

भाकरी दिली तर आपल्या ताटातली एक कमी होते. न देणाऱ्याला निदान तेवढे कारण तरी असते. पाककृती दिल्याने बरणीतला चमचाभर मसालाही कमी होत नाही. मग आपण मूठ का आवळतो? 'अमुक पदार्थ फक्त तिच्याच हातचा' हे ऐकायला गोड वाटते, म्हणून. माझ्या आईने ती मूठ उघडली होती. तिच्यावर संशय घेतला तो आम्ही.

आता या विषयाची दुसरी बाजू. ती सांगताना थोडा संकोच वाटतो. पाककृती उंबरा सहज ओलांडते. ताटाला तो ओलांडणे जड जाते. नाताळात आपण करंज्या-चकल्यांचे ताट शेजारी देतो आणि ते ताट रिकामे परत येत नाही. पण त्यातला फराळ त्या घरात कोणी खाल्ला की नाही, हे विचारायचे आपण टाळतो. रोटी-बेटी व्यवहार हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण सुरू केला. पूजेला अस्पृश्य मानले गेलेले जोडपे बसे आणि प्रसाद झुणका-भाकरीचा असे. गाठ कोठे आहे हे त्यांना नेमके कळले होते. आणि ही फक्त शेजाऱ्यांची गोष्ट नाही. अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र काही माणसे आल्यावर त्या पंगतीतून मागे सरला आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला विरोध केला. गलतीकरांस पत्रातला दुसरा अध्याय घरी जरूर वाचा. आपल्या समाजाच्या जेवणातही "आज स्वयंपाक कोणी केलाय?" असा हळूच विचारलेला प्रश्न माझ्या कानांवर आलेला आहे.

आमच्या बरणीचे कोडे सोडवले ते शेजारच्या काकूंनी. दरवर्षी आईबरोबर कांदे चिरायला त्याच बसायच्या. प्रमाणाची देवघेव दोघींत तीस वर्षे चालली. आमच्या घरी जेवायला मात्र काकू कधी बसल्या नव्हत्या. काहीतरी काम निघायचेच. वहिनीने बुरशीचे सांगितल्यावर त्या आश्चर्याने म्हणाल्या, "अगं, कांदा उन्हात टाकला नाहीस? हे काय लिहायचं असतं होय?" पुढच्या चैत्रात त्या सकाळीच आल्या. दोन दिवस वाळलेला कांदा हाताने चाचपून पाहिला, कढईजवळ पाट मांडून बसल्या आणि प्रत्येक घाणा स्वतः चुरून बघितला. दुपारी गिरणीवरून मसाला आला. तो बरणीत भरून त्यांनी वर हिंगाचे खडे ठेवले. वहिनीने त्याच चटणीतली भरली वांगी आणि भाकरी वाढली, आणि काही न बोलता एक ताट काकूंसमोर ठेवले. बहीण दारात उभी होती. काकूंनी पदराला हात पुसले, ताट पुढे ओढले, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "वांग्यात मीठ कमी पडलंय."

वहिनी मीठ आणायला आत गेली.