रजोनिवृत्ती आणि हृदयाची विद्युत्क्रिया

जाम नदीच्या काठी पांढुर्ण्याला लागून असलेल्या सावरगावात, तसेच सौंसर भागातील खेड्यांत, कापूस वेचणारी किंवा संत्र्याच्या बागेत राबणारी पंचेचाळिशीच्या पुढील स्त्री छातीत धडधडते असे सांगते, तेव्हा "उन्हामुळे असेल" किंवा "वयच झाले" असे म्हणून तो विषय बहुधा तेथेच संपविला जातो. यातील पुष्कळशा तक्रारी निरुपद्रवी असतात. परंतु काही तशा नसतात. हा भेद समजण्यासाठी हृदयाचे कार्य थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींची एक सूक्ष्म गाठ असते. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० वेळा विद्युत्‌संवेग उत्पन्न करते. हा संवेग प्रथम अलिंदांत पसरतो, मधल्या गाठीत क्षणभर थबकतो आणि नंतर निलयांत पोहोचून त्यांचे आकुंचन घडवून आणतो. त्यानंतर पुढील ठोक्यासाठी निलयांच्या पेशी पूर्ववत सज्ज होतात. या सर्व क्रियेची नोंद म्हणजेच विद्युत् हृल्लेख अथवा ईसीजी होय. या नोंदीचे तंत्र विकसित केल्याबद्दल विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

बारा महिने सलग पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते. या सुमारास बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन कमी होतात. हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या मज्जातंतूंचा प्रभाव घटतो व वेग वाढविणाऱ्यांचा तुलनेने वाढतो. अंगातून गरम वाफा येताना धडधड होते, ती यामुळेच.

निलयांना उत्तेजित होऊन पूर्ववत होण्यास लागणाऱ्या काळास क्यू-टी अंतर म्हणतात. वयात आल्यानंतर हे अंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांत किंचित अधिक असते. उतारवयात हा फरक कमी होत असला, तरी औषधांमुळे हे अंतर वाढून उद्भवणारा घातक तालबिघाड स्त्रियांतच अधिक आढळतो. डॉम्पेरिडोन, अॅझिथ्रोमायसिन, क्लोरोक्वीन यांसारखी औषधे हे अंतर वाढवू शकतात. जुलाब-वांत्यांमुळे शरीरातील पोटॅशियम घटले असल्यास धोका अधिक वाढतो. म्हणून ही औषधे दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत.

वय व रक्तदाब वाढत जातात, तसतशी अलिंदांची अनियमित थरथर होण्याची शक्यताही वाढते. या विकारात अलिंदांत रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येण्याचा धोका सुमारे पाचपट होतो.

दोन्ही बीजकोश काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी, कोणत्याही वयात ओढवते. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण बीजकोशांचे कार्य काही काळ चालू राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अशी शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास बीजकोश राखले जाणार की नाही, हे स्त्रीने व तिच्या कुटुंबीयांनी आधी विचारून घ्यावे. अकाली रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

प्रत्येक गावात करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती अनियमित असल्यास अथवा विश्रांतीतही १०० पेक्षा अधिक राहिल्यास आरोग्य केंद्रात ईसीजी काढून घ्यावा. पंडुरोग व कंठग्रंथीचे विकार यांमुळेही धडधड होत असल्याने रक्ततपासणी करावी. धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे असल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. केवळ हृदयरक्षणासाठी संप्रेरकांच्या गोळ्या घेणे योग्य नाही. त्या घ्याव्यात की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आशा कार्यकर्त्या व शिक्षिका यांनी महिलांच्या बैठकींत नाडी मोजण्याचे हे प्रात्यक्षिक करून दाखविल्यास, धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीचे म्हणणे हसण्यावारी न नेता वेळीच तपासले जाईल.