रस्ता कोणासाठी? वस्तीतील वाहनवेगाचा एक अभ्यास



विहारात वंदनेसाठी येणारी आपली वृद्ध माणसे आणि क्लासहून परतणारी आपली मुले संध्याकाळी एकाच ठिकाणी खोळंबतात. ते ठिकाण म्हणजे रस्त्याची कड. करंजाडे हे मुळातले गाव. पुढे सिडकोने येथे वसाहत उभारली आणि गावाच्या अंगाने रुंद, सरळ रस्ते आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून पनवेल-उरण पट्ट्यात अवजड वाहनांची वर्दळ आहेच, त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. वाहने वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. प्रश्न वेगाचा आहे. वस्तीतील रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटर ही वेगमर्यादा असावी, ही मागणी आम्ही या लेखातून सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे अभ्यासासाठी ठेवीत आहोत.

आधी गणित पाहू, कारण या विषयात भावनेपेक्षा गणित अधिक बोलते. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर आणि ताशी ५० म्हणजे सुमारे १३.९ मीटर. समोर मूल आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. समजा, मूल १४ मीटरवर आहे, म्हणजे साडेतीन मोटारींच्या लांबीइतके दूर. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असतील, तर ३० च्या वेगातील गाडी पहिल्या सेकंदात ८.३ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ५ मीटर जाते आणि मुलाच्या अलीकडे थांबते. ५० च्या वेगातील गाडी मात्र ब्रेक लागण्याआधीच मुलापर्यंत पोहोचलेली असते. म्हणजे धडक बसते ती जवळजवळ पूर्ण ५० च्या वेगाने. चालक कितीही कुशल असो, त्याला कौशल्य दाखवायला अंतरच उरलेले नसते. पावसाळ्यातील ओल्या रस्त्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा.

दुसरी गोष्ट शाळेच्या पुस्तकातलीच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३० वरून ६० झाला की आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि वाचतो किती वेळ? एक किलोमीटर जायला ३० च्या वेगाने दोन मिनिटे लागतात, ५० च्या वेगाने ७२ सेकंद. फरक ४८ सेकंदांचा. एवढा वेळ तर पुढच्या चौकात रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यातही जातो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. देशभरच्या मृतांमध्ये पायी चालणारे ३२,८२५ होते, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. पायी चालणारा माणूस कोण असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. ज्याच्याकडे गाडी नाही तो. पहाटे घरकामाला निघालेली बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, सायकलही नसलेला विद्यार्थी.

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे आणि धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्रमादाचा, म्हणजे सावधपणाचा आहे. गाडीच्या चाकामागे बसलेल्या उपासकाला ही दोन्ही एकदम लागू होतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज मोटारसायकल आहे, तेव्हा हा उपदेश दुसऱ्याला करून चालणार नाही. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या आणि ते माणसांच्या व जनावरांच्या उपयोगासाठी केले, असे त्याचे शिलालेख सांगतात. रस्ता चालणाऱ्याचा, ही दृष्टी त्यात आहे. परंतु केवळ शीलावर भिस्त ठेवून मूल वाचत नाही. त्यासाठी कायदा हवा.

कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११२ वेगमर्यादेचे आहे. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना ताशी ७०, मोटारसायकलींना ६० आणि तीनचाकींना ५० अशी कमाल मर्यादा ठेवली आहे. वस्तीसाठी हा वेग फार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच कलमानुसार राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेले प्राधिकरण, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर याहून कमी मर्यादा ठरवू शकते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक. नुसता रंगवलेला फलक लावून भागत नाही आणि नुसती अधिसूचना फाइलीत ठेवूनही भागत नाही. मर्यादा मोडणाऱ्यास कलम १८३ खाली दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये आहे.

कागद आणि अंमल यांतील अंतर आपल्याला महाडने शिकविले आहे. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे माणसे चालत गेली तेव्हा. दर वर्षी आपण पनवेलवरून ज्या महामार्गाने महाडला जातो, त्या मार्गावरील गावांतही आज वेगाचे फलक दिसतात. ते किती गाड्या पाळतात, हे बसच्या खिडकीतून कोणीही पाहावे.

बाहेरच्या देशांत या मागणीची चळवळ सामान्य रहिवाशांनी चालविली. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ३० ची मर्यादा आणली. इंग्लंडमधील वॉरिंग्टनचे रॉड किंग जर्मनीतील हिल्डन हे गाव पाहून आले आणि २००७ मध्ये त्यांनी ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मोहीम सुरू केली. गावोगावी स्थानिक गट उभे राहिले. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीच्या रस्त्यांवर हीच सर्वसाधारण मर्यादा झाली, पण तिथे विरोधी अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि काही रस्त्यांचा फेरविचार करावा लागला. यातून आम्ही एवढेच घेतो की रस्ता निवडताना लोकांना बरोबर घ्यावे. शाळा, बाजार, विहार, दवाखाना यांच्यासमोरचे रस्ते आधी घ्यावेत, मोठ्या मार्गाचा हट्ट नंतर.

गतिरोधकाबद्दल एक शब्द. अपघात झाला की आपली पहिली मागणी तीच असते आणि कित्येकदा रात्रीतून डांबराचा ढीग घातला जातो. असा विनापरवाना, पांढरे पट्टे नसलेला उंचवटा अंधारात मोटारसायकलस्वारालाच पाडतो. गतिरोधक हवा तर तो ठरलेल्या मापाचा, फलकासह आणि वेगमर्यादेच्या जोडीला हवा.

मागणी करताना प्रथम रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी खात्री करावी : सिडको, ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग. बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात ते यामुळेच. त्यानंतर ग्रामसभेत ठराव आणावा, आणि त्याची प्रत रस्त्याच्या मालकास, वाहतूक पोलिसांस व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस देऊन पोच घ्यावी.

ठरावास आकडे जोडलेले असावेत आणि हे काम विद्यार्थ्यांचे आहे. रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभे राहून ५० मीटर अंतराच्या दोन खुणा ठरवाव्यात. गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते ते घड्याळावर मोजावे. ६ सेकंद लागले तर वेग ३०, ३.६ सेकंद लागले तर ५० आणि ३ सेकंद लागले तर ६०. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि रात्री नऊनंतर, अशा तीन वेळी प्रत्येकी शंभर गाड्या मोजाव्यात. सोबत एक मोठे माणूस असावे आणि कोणीही रस्त्यात उतरू नये. वाहनाचा क्रमांक लिहू नये, फक्त प्रकार, वेळ आणि सेकंद लिहावेत. भरलेली वही मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्यावी. ग्रामसभेच्या अर्जाला ती जोडावयाची आहे.