पाणी सल्ला : मृगाआधी शेतातला मातीचा बांध तपासा



आपल्या बऱ्याच सभासदांनी रानातल्या ओघळीवर स्वखर्चाने लहान मातीचा बांध घातलाय. त्याचा हिशेब बघा. १० गुंठ्यांत सरासरी ६ फूट पाणी म्हणजे साधारण १८ लाख लिटर. निम्मं झिरपून, उडून गेलं तरी ९ लाख उरतं. एकरी ५ सेंमीच्या एका पाण्याला २ लाख लिटर लागतं. म्हणजे पावसाने ओढ दिली तरी शेंगा भरताना ४ एकर सोयाबीन निघतं. शिवाय जनावरांचं पिणं होतं, खालच्या विहिरीला पाझर लागतो.

मातीचा बांध अनेकदा माथ्यावरून पाणी गेल्याने फुटतो. मी डिप्लोमाला असताना वडिलांनी जादा पाणी साठावं म्हणून सांडव्यात मातीच्या गोण्या रचल्या. एका रात्रीत बांध गेला. खालच्या चुलत्यांची पेरणी मातीसकट खरवडून गेली. दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

म्हणून या आठवड्यात एवढं कराच :

१) सांडव्यातला गाळ, झुडपं, दगड काढा. त्यात काहीही आडवं लावू नका.

२) बांध मध्येच खचतो. लेव्हल नळी लावून बघा. माथा सांडव्याच्या तळापेक्षा सगळीकडे निदान ३ फूट उंच हवा.

३) उंदीर-घुशींची बिळं शेवटपर्यंत उकरा, ओलसर चिकण माती थराथराने भरून धुमसा. वरून नुसती माती लोटू नका.

४) बांधावरची बाभूळ, पिंपळाची रोपं लहान असतानाच मुळासकट काढा. हरळी राहू द्या, ती माती धरते.

५) जनावरं बांधावर चढवू नका. पाणी पाइपने खाली हौदात घेऊन तिथे पाजा.

पावसाळ्यात पायथ्याला थोडं स्वच्छ पाणी पाझरलं तर रोज लक्ष ठेवा. गढूळ आलं तर आतून माती वाहतेय. लगेच इंजिन किंवा सायफन लावून पातळी उतरवा आणि खालच्या रानातल्या, वस्तीवरच्या लोकांना फोन करा. बांध खोदून पाणी काढू नका.

शंका असेल तर बांधाचा आणि सांडव्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. मी येऊन बघतो.

– आपला कृषी सल्लागार