आधी तिथी, मग शीड

पोरी, डिंगी चालवायला शिकलीस आणि आता रविवारी नुसती मजेसाठी बोट काढायची म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. रेसचा नाद लागला नाही म्हणून काही बिघडत नाही. 2009-10 साली दिलीप दोंदे याच मुंबई बंदरातून निघाले आणि ‘म्हादेई’वरून एकट्याने जगाला फेरी मारून याच बंदरात परतले. त्यातही शर्यत नव्हती. पण रेसच्या दिवशी कोर्स दुसरं कुणीतरी आखतं, वारा जास्त झाला तर रेस रद्द करतं, मागे रेस्क्यू बोट फिरत असते. मजेच्या दिवशी यातलं काहीच नाही. कुठे जायचं, किती लांब, केव्हा वळायचं, मुळात आज जायचं का, सगळं तुझ्या माथ्यावर. म्हणून हौशी माणसाला समुद्र रेसवाल्यापेक्षा जास्त कळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आपला किनारा आधी नीट समजून घे. आपला गेटवेचा धक्का शहराच्या पूर्वेला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेस ना, ते इथे खरे कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी मतलई, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून, मंद वारा असतो. तो तुला किनाऱ्याकडेच ढकलतो, म्हणून नवख्याने सकाळीच बाहेर पडावं. दहा-अकराला तो पडतो, मध्ये तास-दोन तास पाणी तेलासारखं सपाट होतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो. हा वारा शहरावरून येतो, म्हणजे आपल्या धक्क्यावरून बाहेरच्या दिशेला. धक्क्याजवळ उभं राहिलं की इमारतींच्या आडोशाने पाणी शांत दिसतं, वारा तुटक तुटक लागतो, आणि ‘आज काहीच नाही’ असं वाटतं. त्यावर भरवसा ठेवू नकोस. नजर लांब टाक, नांगरलेल्या जहाजांच्या पलीकडे. तिथे लाटांवर इकडेतिकडे पांढरे तुरे दिसले की दहा-बारा नॉट वारा आहे असं समज. तुरे सगळीकडे दिसायला लागले तर त्या दिवशी बोट काढू नकोस.

आणि हे मनात कोरून ठेव की दुपारी जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. जायला वीस मिनिटं लागली तर टॅक मारत परतायला तासही लागू शकतो.

आता भरतीओहोटी. फोनवर तक्ता दिसतो, जरूर बघ, पण तिथीचा हिशोब डोक्यात असू दे. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तो चालत आलाय. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना तेच गणित. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. वेळ थोडी इकडेतिकडे होते, कधी अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त, पण ढोबळ बेत ठरवायला एवढं पुरतं.

मुंबई बंदराचं तोंड दक्षिणेला. भरतीचं पाणी उत्तरेकडे ठाण्याच्या खाडीच्या बाजूला शिरतं, ओहोटीचं दक्षिणेला समुद्राकडे जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला जेमतेम दीड मीटरचा. शिवाय पाणी सहाही तास सारख्या वेगाने उतरत नाही. बारा भाग धर: पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी निघून जातं.

आता दोन्ही हिशोब एकत्र मांड. पौर्णिमेला बाराला भरती, म्हणजे दोन ते चार ओहोटीचा जोर सगळ्यांत जास्त. नेमका तेव्हाच खारा वाराही भरात असतो. पाणी दक्षिणेला ओढतंय, वारा आग्नेयेला ढकलतोय, आणि तुला यायचंय वायव्येला. सुट्टीच्या दुपारी, स्वच्छ उन्हात, लोक नेमके तेव्हाच बोट काढतात! अशा दिवशी आधी उत्तरेला चढ. कष्टाचं काम पहिल्यांदा होऊन जातं, आणि थकलीस तर पाणीच तुला घराकडे आणतं. उलट अष्टमीच्या आसपास दुपारभर भरती असते. वाऱ्याविरुद्ध पाणी आल्याने लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट आपटते, कपडे भिजतात. पण ते पाणी परतीला तुझ्या बाजूचं असतं. अंगावर येणाऱ्या लाटांची भीती बाळगण्यापेक्षा गुळगुळीत ओहोटीची बाळग.

बोटीबद्दल थोडं. क्लबात एंटरप्राइझ असेल तर तीच घे. जॅक होल्टने 1956 साली आखलेली ही चार मीटरची दोघांची बोट, मेनसेल आणि जिब असलेली, गप्पा मारत फिरायला छान. फक्त जुनी असेल तर उलटल्यावर पाण्याने भरूनच सरळ होते, तेव्हा बादली दोरीने बांधलेली हवी. निघण्यापूर्वी बूच स्वतःच्या बोटाने दाबून बघ, ‘लावलंय’ या कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस. जिबशीटच्या टोकांना आठाची गाठ. लाइफ जॅकेटचा पट्टा आवळलेला, शिट्टी त्यालाच बांधलेली. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं आणि दगडांना कालवं, तळवा चिरतो. जुने कॅनव्हासचे बूट घाल.

मेनशीट क्लीटमध्ये अडकवून निवांत बसू नकोस, ती हातातच हवी. शीड सैल सोड, पुढची कड फडफडली की फडफड थांबेपर्यंतच ओढ, त्याहून एक बोटही जास्त नको. शीड फार आवळलेलं असलं की बोट कलते, पळत नाही. इमारतींच्या फटीतून झोत येण्याआधी पाण्यावर काळपट सुरकुती धावत येताना दिसते. ती बोटीशी पोचायच्या आत अंग बाहेर टाक आणि वीतभर शीट सोड. टिलरशी झटापट करायची गरजच पडत नाही. जाइब करताना मात्र बूमकडे लक्ष, आणि दमलेली असशील तर जाइब टाळून टॅक करून फिर.

उलटलीस तर बोट सोडायची नाही. किनारा कितीही जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही. लाँचवाल्याला उलटलेली बोट लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. शीट मोकळी कर, नाळ वाऱ्याकडे वळू दे, मग सेंटरबोर्डवर भार दे.

मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचेस, मच्छीमार बोटी, कंटेनरची जहाजं, सगळ्यांचा रस्ता हाच. शिडाच्या बोटीला मान असतो हे खरं, पण जाळी टाकलेल्या मच्छीमाराला वाट तूच द्यायचीस, आणि अरुंद चॅनलमध्ये वीस मीटरहून लहान बोटीने जहाजाच्या आड यायचं नाही असा नियमच आहे. जहाज येताना दिसलं तर तुझ्या डोलकाठीच्या तारेशी त्याची सरळ रेघ जुळव आणि बोटीची दिशा बदलू नकोस. मिनिटभराने ते तारेच्या पुढे किंवा मागे सरकलं तर ठीक. तिथेच राहून नुसतं मोठं होत गेलं तर टक्कर ठरलेली, लगेच वळ.

सूर्य शहरामागे मावळतो, म्हणून आपल्या बाजूला सावली लवकर पडते. पाचच्या आत बोट धक्क्याला असू दे. मग कितीही भूक लागलेली असो, गोड्या पाण्याने शीड, पुली, रडरच्या खिळी धुऊन काढ. मीठ राहिलं की पुढच्या रविवारी पुली फिरत नाही आणि शीट ऐन वेळी अडकते.

येत्या रविवारी चतुर्थी आहे, तीनला भरती पूर्ण. वारा धरला की दीडच्या सुमारास निघा, किनाऱ्याला धरून कुलाब्याच्या बाजूने दक्षिणेला जा आणि दोनच्या आत वळा, म्हणजे भरतीचा शेवटचा जोर परतीला मिळेल. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार, हे क्लबच्या वहीत लिही, आणि तेच मला फोनवर कळव. साडेचारला तुझा फोन आला नाही तर मी क्लबला फोन लावणार आहे, त्याचा राग मानू नकोस.